सायकल अंगाला, टायर रस्त्याला



या खेपेस आमच्याकडे एकाच घरून दोन पत्रं आली. घर इथलंच, डेव्हन ॲव्हेन्यूच्या मागच्या गल्लीतलं. एक पत्र चौदा वर्षांच्या नातवाचं, दुसरं त्याच्या आजोबांचं. दोघांनीही एकमेकांना न सांगता लिहिलंय, आणि दोघांचा प्रश्न एकच. नावं छापत नाही, वाचणारे ओळखतीलच.

नातू म्हणतो, मिशिगनमधल्या हेस्टिंग्ज गावी वसंतात ‘बॅरी-रूबे’ नावाची सायकल शर्यत असते, त्यात छत्तीस मैलांच्या गटात उतरायचंय. बार मित्झ्वाचे पैसे शिल्लक आहेत, त्यातून कार्बनची नवी सायकल घ्यावी म्हणतो. आजोबा म्हणतात, तळघरात आमची पन्नास वर्षांपूर्वीची दहा गिअरची सायकल उभी आहे, शिकागोतच बनलेली, पोलादी. नवे टायर घाला की झालं. बार मित्झ्वाचे पैसे शिक्षणाला ठेवावेत. आणि शेवटी दोघंही लिहितात, ‘तुम्ही नर्स आहात, तुम्हीच सांगा.’

तर सांगतो. पण आधी शर्यत कसली ते बाकीच्या मंडळींना कळू दे. ही गुळगुळीत डांबरावरची शर्यत नव्हे. थोडं डांबर, बरीच खडी, मधे वाळू, मधे चिखल, मधे जंगलातली दोन चाकोऱ्यांची वाट. ‘बॅरी-रूबे’ २००९ साली सुरू झाली. बॅरी हे तिथल्या काउंटीचं नाव, आणि रूबे घेतलंय फ्रान्समधल्या १८९६ पासूनच्या पॅरिस-रूबे शर्यतीवरून, जी दगड रोवलेल्या जुन्या रस्त्यांवरून जाते. अशा शर्यतींतली सर्वांत नावाजलेली कॅन्ससमधल्या एम्पोरिया गावची. २००६ साली तिथे चौतीस जण निघाले होते. आज तिला ‘अनबाउंड ग्रॅव्हल’ म्हणतात, हजारो लोक येतात, आणि मुख्य अंतर आहे दोनशे मैल.

आपल्याकडेही हे वेड पोचलंय बरं का. पुण्याजवळ सह्याद्रीत ‘एन्ड्युरो-३’ म्हणून स्पर्धा होते. तिघांचा संघ करायचा आणि डोंगर चालायचा, सायकल मारायची, पाणीही पार करायचं. अमेरिका आडवी ओलांडणारी ‘रॅम’ ही तीन हजार मैलांची शर्यत २०१५ साली नाशिकच्या महेंद्र आणि हितेंद्र महाजन या डॉक्टर भावांनी दोघांच्या गटात पूर्ण केली. २०१७ साली नागपूरचे डॉ. अमित समर्थ आणि सैन्यातले डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ यांनी तीच एकेकट्याने पुरी केली. तेव्हा आजोबा, पोराचं खूळ म्हणून सोडून देऊ नका. मोठमोठ्या डॉक्टरांनाही हे खूळ आहे.

आता मुद्द्याचं. अशा शर्यतीसाठी आमचा नियम एका ओळीचा आहे: सायकल अंगाला बसणारी घ्यावी, आणि टायर वाटेतल्या सर्वांत वाईट तुकड्यासाठी निवडावा. बाकी सगळं यात येतं.

आधी टायर, कारण मुलं नेमकी तिथेच फसतात. बारीक आणि दगडासारखा टणक टायर जास्त पळतो, असा समज आहे. काचेसारख्या रस्त्यावर त्यात थोडं तथ्य असेल. पण खडीवर काय होतं ते बघा. टणक टायरखाली खडा आला की टायर दबत नाही, मग सायकल आणि वर बसलेला माणूस दोघंही त्या खड्यावरून उचलले जातात. प्रत्येक खड्याला एक उडी. त्या उड्यांत पायांची शक्ती फुकट जाते, आणि हात, पाठ, मान ठेचून निघतात. रुंद टायरात हवा कमी असली की तो खडा गिळून टाकतो. माणूस वर न उडता पुढे जातो. म्हणून खडीवर रुंद आणि थोडा मऊ टायर नुसता सुखाचाच नाही, वेगाचाही असतो.

हे काही नवीन नाही. हवेचा टायर मुळात निघालाच यासाठी. १८८८ साली बेलफास्टमधले जनावरांचे डॉक्टर जॉन बॉइड डनलॉप यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकीला दणके बसू नयेत म्हणून रबरी नळीत हवा भरून चाकावर चढवली. आणि आजोबा, आपल्या अलिबाग-रेवदंड्याच्या रस्त्यावरच्या त्या काळ्या, उंच सायकली आठवा. मागे कॅरिअरवर पोतं, पुढे दांड्यावर पोर. तासावर भाड्याने मिळणारीही तीच. तिचा टायर अठ्ठावीस बाय दीड इंची, म्हणजे अडतीस मिलिमीटरच्या आसपास रुंद. आज दुकानात ‘खास खडीसाठी’ म्हणून जो चाळीस मिलिमीटरचा टायर दाखवतात, तो आपल्या दूधवाल्याच्या सायकलीला तेव्हाही होता! इथे शिकागोत श्विन कंपनीने १९३३ साली सव्वादोन इंचाला थोडा कमी असा फुगीर टायर आणला होता. आता कॅन्ससला जिंकायला जाणारेही बरेचजण पुन्हा दोन इंचांच्या वरचे टायर लावू लागलेत. फिरून लोक तिथेच आले म्हणायचे.

मग म्हणाल, सर्वांत रुंद तोच घ्यावा का? नाही. टायर आणि सायकलीची चौकट यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना करंगळीएवढी तरी फट राहिली पाहिजे. कॅन्ससला २०२३ साली पाऊस झाला आणि सुरुवातीच्याच मैलांत असा चिकट चिखल लागला की चाकं फिरेनात. चिखल आणि खडी फटीत अडकून बसली. कित्येकांचे गिअर मोडले, बाकीच्यांनी सायकल खांद्यावर घेतली. तेव्हा ज्यांच्या खिशात रंग ढवळायची लाकडी पट्टी होती ते शहाणे ठरले. चिखल खरवडायचा आणि पुढे जायचं. ही पट्टी रंगाच्या दुकानात फुकट मिळते. घसा तपासायच्या आमच्या पट्टीसारखीच, फक्त जाड. मुलांनो, वसंतात मिशिगनला चिखल असतोच, तेव्हा पट्टी ठेवा.

टायरची नक्षीही वाटेनुसार. मधोमध जवळजवळ गुळगुळीत किंवा बारीक नक्षी असली की डांबरावर आणि टणक मातीवर पळतो. दोन्ही कडांना छोटी बटणं असली की वळणावर सुट्या खडीत पकड येते. खोल बटणांचा टायर चिखलात बरा, पण डांबरावर गुणगुणतो आणि दमवतो. छत्तीस मैलांच्या मिश्र वाटेला मधे बारीक, कडेला बटणं, हाच बरा. पण घसरून आपटणार कुठे, तर वाळूच्या आणि चिखलाच्या तुकड्यात, म्हणून कडेची बटणं सोडू नये. आणि गोटा झालेला टायर कोणी फुकट दिला तरी घेऊ नये.

आता एक गोष्ट मुलांनी वहीत लिहून ठेवावी. टायरच्या बाजूवर दोन आकडे छापलेले असतात, जसे ५०-५५९ किंवा ४०-६२२. पहिला आकडा रुंदी. दुसरा चाकाचा गट, आणि तो रक्तगटासारखा आहे, जुळलाच पाहिजे. ५५९ म्हणजे सव्वीस इंची माउंटन बाइक. ५८४ म्हणजे साडेसत्तावीस इंची. ६२२ म्हणजे ज्याला सातशे किंवा एकोणतीस इंची म्हणतात ते. आपली देशी अठ्ठावीस इंची ६३५. आणि आजोबांची जुनी सत्तावीस इंची असेल तर ६३०. सातशे आणि सत्तावीस इंची दिसायला सारखे, पण आठ मिलिमीटरचा फरक. एकाचा टायर दुसऱ्यावर बसत नाही.

म्हणूनच आजोबा, तुमच्या सायकलीबद्दल वाईट वाटून घेऊ नका, पण ती या शर्यतीला चालणार नाही. ६३० च्या चाकाला आज टायर मिळतात, पण बहुतेक सव्वा इंची, फार रुंद नाहीत, आणि खडीसाठी निवड जवळजवळ नाहीच. दुसरं अधिक महत्त्वाचं. त्या काळच्या अशा बऱ्याच सायकलींना क्रोमच्या पोलादी रिमा असत. त्या ओल्या झाल्या की ब्रेक दाबला तरी सायकल पुढेच जाते. चिखलाच्या उतारावर चौदा वर्षांचा मुलगा आणि न धरणारा ब्रेक, हे आम्हाला मान्य नाही. आम्ही आयुष्यभर अपघात विभागात उभे राहिलो आहोत. गळपट्टीच्या हाडाचे, मनगटाचे मोड कसे येतात ते ठाऊक आहे. ती सायकल तुम्ही स्वतः वापरा, कोरड्या दिवशी, सपाट वाटेवर.

आणि नातवा, तुलाही कार्बनची नवी नको. कारण पैशाचं नाही, अंगाचं आहे. तू चौदाचा आहेस, येत्या दोन वर्षांत चार इंच वाढशील. आपल्या घरांत पॅन्ट शिवताना खाली पट्टी दुमडून ठेवत, पोर वाढलं की उसवून लांब करायची. सायकलीला तशी पट्टी नसते. मोठी घेतलीस तर आत्ता पडशील, बरोबर मापाची घेतलीस तर हजाराच्या वर डॉलर दोन वर्षांत तोकडे होतील. तुझ्यासाठी वापरलेली, चांगल्या दुकानातून तपासलेली माउंटन बाइक बरी. फक्त पुढच्या फोर्कला स्प्रिंग असलेली, मागे नाही. ब्रेक डिस्कचे. तिला रुंद टायरची जागा मुळातच असते. तिचे जाड बटणांचे टायर काढ आणि दोन इंची, बारीक नक्षीचे नवे घाल. सायकल जुनी चालेल, टायर जुने चालणार नाहीत. वेस्टर्न ॲव्हेन्यूवर दक्षिणेला ‘वर्किंग बाइक्स’ ही संस्था जुन्या सायकली दुरुस्त करून विकते आणि परदेशी गरजूंना पाठवते. अशा ठिकाणी आजोबांना घेऊन जा. पोलाद त्यांना कळतं.

घेताना काय पाहायचं? दोन पाय जमिनीवर टेकून उभा राहिलास की वरचा दांडा आणि अंग यांत दोन-तीन इंच मोकळे हवेत. सीटवर बसून टाच पायडलवर ठेव. पायडल अगदी खाली असताना पाय सरळ व्हावा, पण कंबर कलायला नको. हँडल इतक्या लांब नको की कोपर ताठ होतील. ब्रेकच्या दांडीवर तुझी दोन बोटं सहज पोचली पाहिजेत. बारीक स्क्रूने ती जवळ आणता येते, दुकानदाराला सांग. चाक उचलून फिरव, डुलतं का बघ. चौकटीला जोडाजवळ तडा दिसला तर पाठ फिरव. चढासाठी पुढचं दातेरी चक्र मागच्या सर्वांत मोठ्यापेक्षा लहान किंवा तेवढंच होईल असा गिअर असावा, नाहीतर चढावर गुडघे बोलतात.

आता हवा. टायरवर छापलेला मोठा आकडा ही वरची मर्यादा असते, तो काही हुकूम नव्हे. पन्नास किलोच्या मुलाला दोन इंची टायरात, आत ट्यूब असेल तर, तीस पौंडांपासून सुरुवात कर. मग खडीवर थोडं फिरून दोन-दोन पौंड कमी कर. रिम दगडावर ठणकायला लागली की दोन पौंड परत भर. तोच तुझा आकडा, लिहून ठेव. हवा फारच कमी केलीस तर दगडावर ट्यूब रिममध्ये चिमटते आणि सापाच्या दातांसारखी शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. मागच्या चाकावर वजन जास्त, तिथे दोन पौंड जास्त ठेव. आणि अंगठ्याने दाबून अंदाज सांगू नकोस. हात लावून ताप सांगणाऱ्याला आमच्या वॉर्डात बोलणी बसत, थर्मामीटर लाव म्हणून. हवा मोजायचं छोटं मीटर घे, थोड्या डॉलरांत मिळतं.

ट्यूबलेसचं बोलतात हल्ली. त्यात ट्यूब नसते, टायरमध्ये दुधासारखा चिकट द्रव घालतात. काटा टोचला की तो भोकात येऊन गोठतो, जसं रक्त गोठून जखम बंद होते तसं. हवा आणखी कमी ठेवता येते, आणि ट्यूब चिमटण्याची भीती नाही. पण रिम त्याजोगी लागते, आणि तो द्रव काही महिन्यांत सुकतो, पुन्हा घालावा लागतो. टायरची बाजू फाटली तर त्याचाही इलाज चालत नाही. कॅन्ससला फ्लिंट हिल्स, म्हणजे चकमकीच्या दगडांच्या टेकड्या आहेत, ते दगड टायरची बाजू सुरीसारखी कापतात. म्हणून तिथे जाड बाजूचे टायर घेतात. तुला पहिल्या वर्षी साधी ट्यूब पुरे. पण अट ही की ट्यूब तुला स्वतःला बदलता आली पाहिजे, आईबाबांच्या मदतीशिवाय, हात गारठलेले असताना.

आणि हे आजोबांनी शिकवावं. घमेल्यात पाणी घेऊन, ट्यूब बुडवून, बुडबुडे कुठून येतात ते शोधायचं, काचकागदाने घासायचं, सोल्युशन लावून फुंकर घालायची, वाळलं की ठिगळ दाबायचं. डेव्हनवरच्या आपल्या पिढीतल्या किती जणांनी हे नाक्यावरच्या पंक्चरवाल्याजवळ उकिडवं बसून बघितलंय! टायरच्या आतून बोट फिरवून काटा काढायला विसरू नये, नाहीतर नवीन ट्यूबही जाते. शर्यतीत खिशात दोन ट्यूबा, टायर उचलायच्या दोन पट्ट्या, छोटा पंप, पाना आणि ती लाकडी पट्टी असू दे.

सरावाला दूर जायला नको. आपला डेव्हन ॲव्हेन्यूच या शर्यतीचा नमुना आहे. पूर्वेला लोयोला विद्यापीठाजवळ शेरिडन रोडपाशी तो सुरू होतो, मग गांधी मार्ग, गोल्डा मायर, जिना अशा पाट्यांखालून साड्यांच्या आणि मिठाईच्या दुकानांमधून जातो. या गर्दीत सराव करू नकोस, उभ्या गाडीचं दार कधी उघडेल सांगता येत नाही. पुढे पश्चिमेला नॉर्थ शोअर चॅनलच्या काठची डांबरी वाट लागते, ती सुरुवातीला. त्याच्याही पुढे, कॉल्डवेल ॲव्हेन्यूजवळ नॉर्थ ब्रँच ट्रेल आहे, जंगलातून उत्तरेला ग्लेन्कोच्या बोटॅनिक गार्डनपर्यंत जाते, पक्कीच, पण लांब. मग डेस प्लेन्स नदीच्या काठची वाट धर. आपल्या कुक काउंटीत ती मातीची आणि मुळांची, उत्तरेला लेक काउंटीत बारीक खडीची. तिथे तुझा टायर खरा कळेल. पाऊस नुकताच पडला असेल तर त्या दिवशी जाऊ नये, चाकोऱ्या पडून वाट खराब होते आणि दुसऱ्यांना त्रास. फॉरेस्ट प्रिझर्व्हमध्ये पाटी असलेल्या वाटेवरच सायकल चालवायची असते, हेही लक्षात ठेव.

नर्स म्हणून तीन गोष्टी सांगतो, मग थांबतो. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर व्हायला लागलं तर ते ‘होतं असं’ म्हणून सोडू नये. तळहाताच्या कडेला नस दबते. हात बदलून धर, हवा कमी कर, हँडल वर घे, हातमोजे जाड घे. तरी बधिरपणा दुसऱ्या दिवशीपर्यंत राहिला तर डॉक्टरला दाखव. दुसरं, हेल्मेट नवीन आणि आत सीपीएससीचं लेबल असलेलं असावं. एकदा डोक्यावर आपटलेलं हेल्मेट बाहेरून धड दिसलं तरी टाकून द्यावं, जुनं दुसऱ्याचं घेऊ नये. तिसरं, खाणं. तासाभराच्या वरच्या मेहनतीला तासाला तीस ते साठ ग्रॅम साखर-पिठूळ लागतं. दोन-तीन मोठे खजूर म्हणजे तेवढं झालं. मलिद्याचे पोहे कितीही आवडले तरी खडीवर ते तोंडात कमी आणि अंगावर जास्त जातात! पाणी तहान लागेल तसं, थोडं थोडं. पाणीच पाणी ढोसणंही चांगलं नाही.

राहिला एक प्रश्न जो दोन्ही पत्रांत नाही, पण वाचताना आमच्या लक्षात आला. अशा शर्यती बहुतेक शनिवारी असतात. आपल्या पूर्वजांना कोकणात शनवार तेली म्हणत, कारण त्या दिवशी घाणा बंद. कोणाच्या घरी काय करावं हे आम्ही सांगणार नाही. रविवारच्याही शर्यती असतात, शोधल्या तर सापडतील. पण नाव नोंदवायच्या आधी हे घरात बोला, नोंदवल्यावर नको. अठराच्या आतल्यांना आईबाबांची सही लागतेच, तेव्हा बोलायला जागा आहे.

पैशाचा हिशेबही आम्ही करून पाहिला. वापरलेली सायकल, नवे टायर, हेल्मेट, ट्यूबा, मीटर, एवढं सगळं मिळून नवीन कार्बनच्या किमतीचा लहानसा भाग होतो. म्हणजे शिक्षणाचे पैसे बरेचसे जागेवर राहतात, आणि शर्यतही होते.

पुढच्या महिन्यात वयस्कर मंडळींच्या गुडघ्यांवर लिहू. सायकल बऱ्याच गुडघ्यांना चालण्यापेक्षा सोसते, फक्त सीट योग्य उंचीला हवी. तोवर ज्यांच्या तळघरात सायकल असेल त्यांनी खाली जाऊन टायरच्या बाजूवरचे दोन आकडे वाचून ठेवावेत.